अण्णांची एकोणीस गाणी

"अण्णा, आधी लाल दिवा लागू द्या, मग वाजवा."

"लागलाय की."

"तो हिरवा आहे."

माझ्या सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कीबोर्डवर वाकून दिवा निरखून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे आत्ता वाजवलं ते गेलं?"

गेलं होतं. त्या दुपारी ते चौथ्यांदा गेलं होतं. आणि अण्णांचा स्वभाव असा, की गेलेलं पुन्हा जसंच्या तसं वाजवतील तर शपथ. पहिल्या खेपेला अंतऱ्यात जी जागा घेतली, ती दुसऱ्या खेपेला मुद्दाम टाळायची. मी म्हटलं, मघाचं छान होतं, तेच वाजवा. तर म्हणाले, "तेच वाजवायला मी काय पोपट आहे?"

ही २००३ सालची गोष्ट. लग्न होऊन कराडला आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि तेवढ्या भांडवलावर घरातलं प्रत्येक यंत्र माझ्या गळ्यात पडलं होतं. मिक्सर अडला, वैजयंतीला विचारा. टीव्हीवर मुंग्या आल्या, वैजयंतीला विचारा. माझा नवरा श्रीरंग साखर कारखान्यात इंजिनिअर होता, पण घरी आल्यावर तो साधा टेस्टरसुद्धा हातात धरायचा नाही. "वैजयंतीला मशीनचं कळतं" हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं जायचं, की शेजारच्यांनाही पाठ झालं होतं. मला ते ऐकायला आवडायचं, हेही सांगून टाकते.

अण्णा म्हणजे गावातले पोतदार सर. एकाच शाळेत अडतीस वर्षं त्यांनी संगीत शिकवलं. दर वर्षी गॅदरिंगला नवं गाणं असायचं, शब्द एखाद्या शिक्षकाचे आणि चाल अण्णांची. 'खडूचं गाणं', 'मधली सुट्टी', 'सातवीचा निरोप'. त्यातली एकोणीस त्यांनी स्वतः निवडून काढली होती. बाकीची टाकाऊ आहेत म्हणायचे. एकोणिसातलं एकही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. नोटेशन लिहिलं की चाल मरते, असं त्यांचं मत. हे मत सांगताना ते टेबलावर ठेका धरायचे, त्यामुळे समोरच्याला वाद घालता यायचा नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांची डावी करंगळी थरथरायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि श्रीरंगला बाजूला घेऊन म्हणाले, पेटी वाजवतात ना हे? मग जे वाजवून घ्यायचं ते या वर्षात घ्या. मस्कतच्या माझ्या दिरांनी हे फोनवर ऐकलं आणि महिन्याभरात एका येणाऱ्याबरोबर कीबोर्ड पाठवून दिला. पुढच्या जानेवारीत शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुख्याध्यापिका मोहिते बाईंना एकोणीसच्या एकोणीस गाणी मुलांकडून गाऊन घ्यायची होती. कीबोर्डवर एकदा गाणं भरून ठेवलं, की वाजवणारा नसला तरी ते वाजतं, मुलांच्या आवाजाप्रमाणे पट्टी बदलता येते, लय कमी करता येते. अण्णांचे हात थकले तरी गाणी राहणार होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि काम माझ्याकडे दिलं.

मे महिन्यापासून रोज दुपारी आम्ही बसायला लागलो. कीबोर्डच्या पोटात पाचच गाणी मावायची. पाच झाली की ती फ्लॉपीवर उतरवायची आणि पोट रिकामं करून पुढची पाच भरायची. पद्धत सोपी होती. लाल दिवा लावा, वाजवा, थांबा, सेव्हचं बटण दाबा, नाव द्या. मी ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर भिंतीला चिकटवलं. अण्णांनी कागद वाचला आणि अक्षर चांगलं असल्याचं सांगितलं.

त्यानंतर त्यांनी एकदाही त्या क्रमाने काही केलं नाही. ठेका देणाऱ्या टक-टक आवाजावर त्यांचा राग होता. हा कोण मला लय शिकवणार, म्हणायचे. गाणं संपलं तरी हात थांबायचे नाहीत, ते तसेच पुढच्या गाण्यात शिरायचे आणि दोन्ही गाणी एकाच नावाखाली चिकटून बसायची. सेव्ह करायच्या आधीच बटण बंद करून मोकळे व्हायचे, कारण शाळेतून निघताना पंखा बंद करायची अडतीस वर्षांची सवय. एकदा तर अख्खी 'मधली सुट्टी' सुंदर वाजली, दिवाही लाल होता, आणि अण्णा शेवटच्या ओळीवर मोठ्याने म्हणाले, "इथे मुलींनी थांबायचं, मुलग्यांनी उचलायचं." ते कीबोर्डला ऐकू जात नाही, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं.

भरीला सासूबाई होत्या. त्यांना मी आई म्हणते. ऐन अंतऱ्यात दारातून डोकावून विचारायच्या, "चहा टाकू का?" अण्णा वाजवता वाजवता वळून "टाक" म्हणायचे आणि डावा हात चुकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. आत स्वयंपाकघरात आई तीच चाल गुणगुणत पोळ्या लाटत असायच्या, अण्णा कुठे चुकले तरी त्या चुकायच्या नाहीत. पण तेव्हा मी ते फक्त ऐकलं, त्याकडे लक्ष दिलं नाही.

मी चिडायचे. शिकवून घरी यावं, हात धुवावेत आणि पासष्टीच्या विद्यार्थ्याला तेच ते सांगावं. कॉलेजातली मुलं निदान ऐकल्यासारखं करतात. श्रीरंगजवळ कुरकुर केली की तो म्हणायचा, "अगं, तुला कळतं त्यातलं." एकदा मी अण्णांना म्हटलंसुद्धा, की तुमची गाणी आहेत, मला काय त्याचं, राहिली तर राहिली. त्यावर ते डावा हात उजव्या हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचले तेव्हा कीबोर्ड पुसून, भिंतीवरच्या कागदाकडे बघत, वाट पाहत बसले होते.

सप्टेंबरअखेर एकोणिसावं गाणं भरून झालं. सगळी एकाच फ्लॉपीवर होती. एकच प्रत असणं म्हणजे काहीच नसणं, हे मी घरात सगळ्यांना ऐकवत होते. दुसऱ्या फ्लॉपीवर बॅकअप घ्यायलाच हवा, म्हणत होते, आणि फ्लॉपी आणायची मात्र रोज विसरत होते. अखेर अष्टमीच्या दिवशी कॉलेजवरून येताना आणली. साडेतीनला बसले. चार वाजता लोडशेडिंग सुरू व्हायचं. अण्णा मागे खुर्चीत बसून एकाहत्तर सालच्या गॅदरिंगची हकीकत सांगत होते, की पडदा कसा अडकला आणि मुलांनी पडद्यामागूनच गाणं कसं पूर्ण केलं. चारला लाईट गेली. मी दोन्ही फ्लॉप्या कीबोर्डवर ठेवल्या आणि उठले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी आई त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. विळी, कात्री, अडकित्ता, शिलाई मशीन, श्रीरंगचा पाना, माझा टेस्टर, अण्णांची पेटी. ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला हळदकुंकू लावायचं, अक्षता वाहायच्या, फुलाने पाणी शिंपडायचं, आणि त्या दिवशी त्या वस्तूंना विसावा द्यायचा. त्या वर्षी कीबोर्डचीही पूजा झाली. कीबोर्डवर ठेवलेल्या फ्लॉप्यांचीही झाली.

दसऱ्याला सकाळी मोहिते बाई गाणी ऐकायला आल्या. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आईंनी बासुंदीच्या वाट्या आणून ठेवल्या. मी गाण्यांची फ्लॉपी आत सरकवली, बटण दाबलं आणि पाहत राहिले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"रिकामी दाखवतंय."

मी बाहेर काढली, पुन्हा घातली. पुन्हा रिकामी. मोहिते बाईंनी ती हातात घेतली. पत्र्याच्या सरकत्या झाकणावर कुंकू वाळलं होतं, कडेला एक अक्षत चिकटली होती. त्या म्हणाल्या, "यात पाणी गेलं की काय हो?"

मी आईंकडे पाहिलं. "आई, फ्लॉपीवर पाणी शिंपडलंत?"

"शिंपडलं की. सगळ्यांवर शिंपडतात तसं."

आईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि पदराने फ्लॉपी पुसायला लागल्या. पुसत राहिल्या. मोहिते बाईंनी विचारलं, दुसरी प्रत असेल ना? मी म्हटलं, घ्यायची होती, लाईट गेली. कीबोर्डच्या पोटात तरी असतील, श्रीरंग म्हणाला. तिथेही नव्हती. फ्लॉपीवर उतरवलं की पोट रिकामं करायचं, हा माझाच नियम होता आणि शेवटची चार गाणीही मी नियमाप्रमाणे काढून टाकली होती.

अण्णा उठून आतल्या खोलीत गेले. आईंशी ते आठ दिवस बोलले नाहीत. चिडले असते, ताट भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं. ते फक्त बोलत नव्हते. आई त्यांच्यासमोर चहा ठेवायच्या, ते प्यायचे, कप विसळून ठेवायचे. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं. पुन्हा वाजवून घेऊ, असं श्रीरंगने दोनदा सुचवलं. अण्णा एकदा बसलेही. दोन गाणी कशीबशी झाली. तिसऱ्याला डावा हात पट्ट्यांवर नुसता थरथरत राहिला, आणि त्यांनी आपल्या हाताने बटण बंद केलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी आई जुना टेपरेकॉर्डर घेऊन अण्णांच्या खोलीत गेल्या. मलाही बोलावलं, कारण बटण दाबायला मशीनचं कळणारं माणूस हवं होतं. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि अण्णांकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या हातानं गेलं. आता माझ्या गळ्यानं जेवढं येईल तेवढं येईल." आणि 'खडूचं गाणं' गायला लागल्या. आवाज फाटका, त्यात भीती. दुसऱ्या ओळीवर अण्णा भिंतीकडे बघतच बोलले, "तिथे निषाद कोमल आहे."

आठ दिवसांनंतरचं ते पहिलं वाक्य. आईंनी कोमल निषाद घेऊन ओळ पुन्हा म्हटली.

दोन महिने हे चाललं. आई गायच्या, अण्णा दुरुस्त करायचे, मी लाल बटण दाबायचे. आईंना चौदा गाणी आली. मधले वाद्यांचे तुकडे, दोन आवाजांची गुंफण, मुलींनी कुठे थांबायचं आणि मुलग्यांनी कुठे उचलायचं, ते सगळं गेलं ते गेलंच. पाच गाणी तर मुळातच गेली. 'सातवीचा निरोप' त्या पाचांत होतं. ते आईंना कधीच पूर्ण आठवलं नाही, आणि अण्णांना ते गाऊन दाखवता येईना. त्यांच्या गोळ्यांनी तोवर जीभही जड झाली होती. जानेवारीत मुलांनी चौदा गाणी नुसत्या पेटीवर गायली. अण्णा पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर आईंना म्हणाले, "बरं झालं."

आता मघाशी गाळलेलं सांगते.

अष्टमीला साडेतीनला मी बसले तेव्हा घाईत होते आणि वैतागलेली होते. नवी फ्लॉपी त्या कीबोर्डला चालावी म्हणून आधी फॉरमॅट करावी लागायची, म्हणजे पूर्ण कोरी करून घ्यावी लागायची. अण्णा मागे बोलत होते. मी मान न वळवता हं हं करत होते. फॉरमॅटचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. आतून घरघर सुरू झाली. पडदा अडकल्याच्या जागेपर्यंत अण्णांची हकीकत आली होती. मी सहज खाली पाहिलं तर नवी फ्लॉपी अजून माझ्या मांडीवर होती, कागदाच्या वेष्टनासकट.

तासाभरापूर्वी अण्णांनी 'सातवीचा निरोप' ऐकला होता. जुनी फ्लॉपी आतच राहिली होती. मी बघितलं नव्हतं.

घरघर थांबली, आणि लाईट गेली. "झालं का गं?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या करू. नव्या फ्लॉपीचं वेष्टन काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. उद्या सांगू, असं खरंच मनात होतं.

सकाळी आई पूजा करत होत्या तेव्हा मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. त्यांनी फुलाने पाणी शिंपडलं तेव्हा थेंब कुठे पडले तेही मला दिसलं. एरवी मी ओरडून त्यांचा हात धरला असता. त्या दिवशी चहा प्यायले. आणि दसऱ्याला मोहिते बाईंनी पाण्याचं विचारलं, तेव्हा मी खोटं काहीच बोलले नाही. फक्त आईंना एक प्रश्न विचारला. पाण्याने खराब झालेली फ्लॉपी असली तर यंत्र वाचता येत नाही म्हणतं. ते रिकामी आहे म्हणत होतं. हा फरक त्या घरात एकट्या मला कळत होता.

नंतर सांगायचं पुष्कळदा ठरवलं. आधी म्हटलं, अण्णांचा राग निवळू दे. मग म्हटलं, आता बोलायला लागलेत, उगीच पुन्हा नको. मग जानेवारी आला, मग माझं बाळंतपण. २००९ साली अण्णा गेले. मला माझाच इतका संताप यायचा, की तो मी भलत्याच कुणावर तरी काढायचे, बहुतेकदा श्रीरंगवर.

आई मात्र त्या वर्षापासून खंडेनवमीची पूजा करत नाहीत. तयारी सगळी त्याच करतात, हत्यारं पुसून पाटावर मांडतात, झेंडू निवडतात, आणि मग ताट माझ्याकडे सरकवतात. मिक्सरला हात लावत नाहीत. फोन वाजला तरी मला हाक मारतात.

गेल्या खंडेनवमीला आम्ही दोघीच घरात होतो. आई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. कीबोर्ड पाटावर मांडलेला होता; तो आता वाजत नाही, पण पाटावर असतो. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, ती फ्लॉपी तुमच्या पाण्यानं गेली नव्हती. आदल्या दिवशी मी पुसली होती. चुकून, पण माझ्या हातानं."

आईंचं फुलं निवडणं चालू होतं. "तू कशी पुसशील? तुला मशीनचं कळतं."

मी पहिल्यापासून सांगितलं. मांडीवरची फ्लॉपी, घरघर, लाईट, दारातला चहा. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ऊन बरंच वर आलं, आता आटप. मी पुन्हा सांगितलं. फॉरमॅट म्हणजे काय, रिकामी आणि खराब यात फरक काय, वर्गात समजावते तसं समजावलं. माझा आवाज चढला. खरं सांगायला इतकी वर्षं घालवली आणि आता ही बाई ऐकायलाच तयार नव्हती. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हेसुद्धा जायच्या आधी असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, तुझ्यामुळं नाही गं गेली, त्या वस्तूच तकलादू. आता तू. तुम्ही सगळे मला सांभाळून घेता. पण मी काय केलं ते मला माहीत आहे ना."

"आई, ऐका माझं..."

"पुरे." त्यांनी हळदकुंकवाचं ताट माझ्या पुढ्यात सरकवलं आणि आपले हात पदरात घेतले. "तू वाहा. तुझ्या हाताला यश आहे."

मी फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. कीबोर्डला हळद लावली, मग कुंकू. आईंनी लांबूनच हात जोडले.